मंगळाजवळचा बाक

सूर्य गच्चीवरून खाली आणताना नकाशाकाकांच्या पायाच्या अंगठ्यावर पडला, आणि खरं तर त्यांनी हा नाद तिथेच सोडायला हवा होता. पण सरकारी नकाशा कार्यालयात उभी हयात काढलेला माणूस अंगठ्याचं ऐकत नाही. सूर्य म्हणजे गच्चीवर गंजत पडलेली टीव्हीची जुनी डिश. ती कुणाची हे कुणालाच आठवत नव्हतं. काकांनी ती उचलल्याबरोबर मात्र तीन बिऱ्हाडांना आठवलं, आणि तिघांनीही 'आमचीच आहे, पण न्या' असं मोठ्या मनानं सांगितलं. काकांनी ती घासूनपुसून पिवळीधमक रंगवली आणि इमारतीच्या मुख्य दाराशेजारच्या भिंतीला तारेनं बांधून टाकली.

हे सगळं सुरू झालं ते काकूंच्या गुडघ्यापायी. काकूंनी नवा गुडघा बसवून घेतला होता. ऑपरेशन झकास झालं असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यांचं तरी काय जातं म्हणायला. हॉस्पिटलात फिजिओथेरपीची एक तरुण मुलगी होती. तिनं काकूंना बजावलं, की रोज चाला, थोडं थोडं वाढवा, आणि ज्या दिवशी घरापासून इथपर्यंत आपल्या पायांनी याल त्या दिवशी मी तुम्हाला सुट्टी देईन. घरापासून हॉस्पिटल जेमतेम दोन किलोमीटर. काकू पलंगापासून दारापर्यंत जात, परत येत आणि 'झालं' म्हणत. त्यांना पडण्याची भीती वाटत होती. सांगताना मात्र त्या गुडघा दुखतो असं सांगत, कारण दुखण्याला घरात मान असतो, भीतीला नसतो.

काका समजूत घालून थकले, चिडून थकले, अबोला धरून तर अर्ध्या तासात थकले. मग एके दिवशी सकाळी वर्तमानपत्रात शनीच्या कड्यांचं छायाचित्र आलं. कुठल्याशा यानानं तिथवर जाऊन काढलेलं. काकू ते बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या लांब यंत्रं जातात हो. आणि मला त्या कोपऱ्यापर्यंत जायचं म्हटलं की धडकी भरते."

भीतीचं त्यांनी पहिल्यांदाच कबूल केलं होतं. दुसरा एखादा नवरा अशा वेळी बायकोचा हात हातात घेऊन बसला असता. काकांनी फूटपट्टी घेतली. त्यांच्या प्रेमाची रीतच तशी होती. डिशएवढा सूर्य धरला तर त्याच प्रमाणात ग्रह कुठे कुठे येतील, याचा हिशेब त्यांनी मांडला. बुध म्हणजे मोहरीचा दाणा, तो वाहनतळाच्या टोकाच्या खांबाशी. शुक्र आणि पृथ्वी म्हणजे मिरीचे दोन दाणे. शुक्र फाटकाबाहेरच्या पहिल्या झाडाला, पृथ्वी लाँड्रीवाल्याच्या भिंतीला. मंगळ बंद पडलेल्या फोटो स्टुडिओसमोरच्या बाकाशी. पुढे लहानसं मोसंबं म्हणजे गुरू, मग लिंबाएवढा शनी, मग बोराएवढा युरेनस, आणि शेवटचा नेपच्यून थेट हॉस्पिटलच्या फाटकाशी. हे शेवटचं जमल्यावर काका खुर्चीवरून उठलेच. सूर्यमाला नेमकी काकूंच्या वाटेवर येऊन बसली होती.

"रोज एकेक ग्रह," काका म्हणाले. "मी बरोबर असेन. नेपच्यूनपर्यंत तुझा हात सोडणार नाही."

"आणि परत?"

"परत टॅक्सीनं."

काकू हसल्या आणि चपला शोधू लागल्या. म्हणजे योजनेला घरातून मंजुरी मिळाली. बाहेरच्या मंजुऱ्यांचं काकांच्या तेव्हा मनातही नव्हतं.

ते पहिले चार ग्रह फार सुखाचे गेले. काका दाणा गोंदानं चिकटवत, खाली आपल्या नकाशातल्या अक्षरात पाटी लावत, आणि काकूंना हाताला धरून तिथपर्यंत नेत. पाटी दाण्यापेक्षा शेकडो पटीनं मोठी होती, पण त्याला इलाज नव्हता, कारण अक्षरं प्रमाणात लिहिली असती तर ती मुंगीलाही वाचता आली नसती. शुक्राच्या झाडाखाली उभं राहून काकांनी सांगितलं, की हा स्वतःभोवती इतका हळू फिरतो, की तेवढ्यात त्याची सूर्याभोवती एक फेरी उरकून वर वेळ उरतो. काकू क्षणभर दम खात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे साहेबांना सगळीकडे हिंडायला वेळ आहे, फक्त जागच्या जागी वळून बघायला नाही." काकांना हे इतकं आवडलं, की त्यांनी ते पुढे चार जणांना सांगितलं, आणि दोघांना स्वतःचं म्हणून सांगितलं.

मंगळाशी बाक होता हे फार बरं झालं. पहिल्या दिवशी तिथवर पोचल्यावर काकू बाकावर बसल्या, पदरानं चेहरा पुसला आणि आलेल्या वाटेकडे बघत राहिल्या. सूर्य तिथून अगदी थाळीएवढा दिसत होता. "मी आले ना हो इथपर्यंत," त्या म्हणाल्या. काकाही शेजारी बसले. दोघं दिवे लागेपर्यंत तिथेच होती. काकांना तेव्हा कुणी सांगितलं असतं की हीच ती संध्याकाळ, हिला धरून ठेवा, तर त्यांनी ऐकलं असतं की नाही देव जाणे.

इथवर कुणाचंही लक्ष गेलं नव्हतं. मग तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यासमोरच्या खांबावरची पाटी वाचली, भिंगातून बुध पाहिला आणि ते दुखावले. इतकी वर्षं या इमारतीत प्रॅक्टिस केली आणि वाट्याला काय, तर मोहरी. वरच्या मजल्यावरच्या बँकेतल्या वहिनींनी सुचवलं, की ग्रहांवर दिव्यांच्या माळा सोडाव्यात, म्हणजे उठाव येईल. आणि इमारतीचे चेअरमन म्हणाले, की सूर्य सामाईक भिंतीवर आहे, तेव्हा विषय कमिटीपुढे यायला हवा.

कमिटीची सभा झाली. सूर्याला मागाहून मंजुरी देण्यात आली. सूर्याखाली 'चेअरमनसाहेबांच्या प्रेरणेने' अशी ओळ घालावी अशी सूचना आली आणि ती चेअरमनसाहेबांनीच विनम्रपणे मान्य केली. मग कुणीतरी विचारलं, की गुरूसारखा सर्वांत मोठा ग्रह परक्या रस्त्यावर कशाला, आवाराच्या आत घ्या की, जागा आहे. काकांनी प्रमाण म्हणजे काय हे समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याच माणसानं विचारलं, की बरं, निदान शनी तरी. काका त्या रात्री जेवले नाहीत, म्हणजे एक पोळी कमी खाल्ली.

त्यातच पृथ्वी हरवली. लाँड्रीवाल्यानं भिंत खरवडून रंग काढायला घेतला आणि तो दाणा खपल्यांबरोबर खाली पडला. काकांनी अशी काही बोंब ठोकली, की अर्धी गल्ली गुडघ्यांवर येऊन जमीन चाचपू लागली. दातांचे डॉक्टर बुधाचा राग विसरून आपला छोटा आरसा घेऊन आले. बऱ्याच वेळानं पृथ्वी सापडली, टाळ्या पडल्या, आणि डॉक्टरांनी ती आरशात उलटसुलट बघून सांगितलं, की ही उंदराची लेंडी आहे. शेवटी काकूंनी घरातून दुसरी मिरी पाठवून दिली. चंद्र म्हणून लावलेली खसखस मात्र गेली ती गेलीच.

पण खरा घोटाळा झाला तो गुरूपाशी. सूर्यमालेत मंगळापुढे एकदम मोठी मोकळी जागा आहे, आणि ती संपते तिथे गुरू. काकांच्या प्रमाणात ती जागा नेमकी मुख्य चौकात, वाहतूक पोलिसाच्या छत्रीखाली येत होती. चेअरमननी बजावलं, की सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय काही लावलं तर नोटीस इमारतीला येईल. न विचारता लावलं असतं तर त्या मोसंब्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण काका पडले सरळमार्गी. ते नगरपालिकेत गेले.

बगीचा विभागानं त्यांना रस्ते विभागाकडे पाठवलं, रस्ते विभागानं दिवाबत्तीकडे, आणि दिवाबत्तीनं जाहिरातींकडे. जाहिरातींच्या टेबलावरच्या कारकुनानं अर्ज उलटा धरून वाचला आणि विचारलं, की हे उत्पादन कुठल्या कंपनीचं. काका म्हणाले, गुरू कुणाचंही उत्पादन नाही, तो ग्रह आहे.

"किती मोठा आहे?" कारकून म्हणाला.

"एवढा. लहानसं मोसंबं."

"आणि खरा?"

"पृथ्वीच्या अकरापट रुंद."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "मग अर्जात कुठला लिहू?"

तीन हेलपाट्यांनंतर काकांना खरा साहेब भेटला. साहेब भला माणूस होता. त्यानं नकाशा पाहिला, अक्षराचं कौतुक केलं आणि म्हणाला, की काका, चौकातलं काम वाहतूक खात्याच्या सहीशिवाय होणार नाही आणि त्याला वेळ लागेल. त्यापेक्षा गुरू थोडासा अलीकडे, फुलवाल्याच्या दुकानाच्या खांबाला लावा. उद्या लावा. कोण मोजायला येतंय?

कोण मोजायला येतंय, हे वाक्य नकाशाकाकांच्या वर्मी लागलं. ज्या माणसानं मंत्र्याच्या शेतातून जाणारी नदी एक केसभरही सरकवली नव्हती, त्याला गुरू सरकवायला सांगत होते. काकांनी साहेबांना शांतपणे विचारलं, की आज गुरू सरकवला तर उद्या शनीला कुठल्या तोंडानं थांब म्हणायचं. काका ताठ मानेनं बाहेर पडले, आणि त्या ताठ मानेपायी गुरू कितीतरी आठवडे लटकला.

आणि काकू मंगळावर राहिल्या. रोज संध्याकाळी त्या विचारत, "येताय ना?" काका म्हणत, "गुरू लागला की पुढे जाऊ." सुरुवातीला ते मंगळापर्यंत तरी सोबत जात. मग जागेचा नकाशा तीन प्रतींत काढायचा निघाला, मग कमिटीची उपसमिती निघाली, मग चेअरमनच्या भाषणासाठी ग्रहांची माहिती लिहून द्यायची निघाली. काकू एकट्याच भिंतीला हात लावत लावत बाकापर्यंत जाऊ लागल्या. तिथे बसत आणि परत येत. एकदा घरी येऊन त्या म्हणाल्या, "मंगळाच्या पुढे किती मोकळं आहे हो. बसायला काही नाही, धरायला काही नाही."

"असणारच," काका नकाशावरून मान वर न करता म्हणाले. "प्रमाणात आहे ते."

हे बोलताना त्यांना अभिमानच वाटला होता, हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे त्यांना याच वाक्यानं फार छळलं.

मग तो सहीचा दिवस आला. वाहतूक खात्याचे साहेब बदलून चालले होते, आणि आज सही झाली नाही तर नव्या साहेबांपुढे पुन्हा श्रीगणेशा करावा लागणार होता. काका कागद पिशवीत भरत होते. काकू खुर्चीत बसून बुटाच्या नाड्या बांधत होत्या. ते बूट नवे होते. कधी आणले ते काकांना ठाऊक नव्हतं.

"आज शेवटपर्यंत जाऊन बघते म्हणते," काकू म्हणाल्या. "येताय?"

"आज? आज कसं जमेल?" काका म्हणाले. मग त्यांना वाटलं की हे जरा तुटक झालं. "असं कर, तू हो पुढे. मी सही घेतो आणि मागून येतोच. कुठेतरी गाठतो तुला."

"बरं. मी हळूच चालते."

काका गेले तेव्हा साहेब मीटिंगमध्ये होते. मीटिंग संपली तेव्हा निरोपसमारंभ होता. समारंभ संपला तेव्हा साहेबांच्या गळ्यात हार आणि तोंडात केक होता, आणि तशातच त्यांनी सही केली. शिक्का दुसऱ्या खोलीत होता आणि शिक्केवाला जेवायला गेला होता. तो आला तेव्हा शाईचा पॅड वाळलेला होता. काकांनी स्वतः जाऊन कोपऱ्यावरून शाई आणली. एवढं सगळं होऊन शिक्का बसला तेव्हा काकांना आनंदानं काही सुचेना, आणि त्या आनंदात आपण कुणाच्या तरी मागून जाणार होतो हे त्यांच्या डोक्यातून साफ गेलं.

संध्याकाळी ते घरी आले ते गडच जिंकून. काकू गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसल्या होत्या. काकांनी सगळी हकीकत सांगितली. हार कसा आडवा येत होता आणि पेनाचं टोपण साहेबांनी दातांनी कसं काढलं, तेही करून दाखवलं. काकूंनी पाय पुसले, जेवण गरम करून वाढलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"पाय का भिजवले होतेस गं?" काकांनी मध्येच विचारलं.

"सहज," काकू म्हणाल्या, आणि काका परत शिक्केवाल्याकडे वळले.

उद्घाटन रविवारी झालं. तोपर्यंत उरलेले ग्रह भराभर लागले, कारण गुरूची परवानगी दाखवल्यावर पुढच्या खांबांवर कुणी काही विचारलंच नाही. चेअरमननी सूर्यापुढची फीत कापली आणि अवकाशाच्या अफाटपणावर इतकं अफाट भाषण केलं, की दोन बिऱ्हाडं घरी जाऊन जेवून आली. मग सगळ्यांनी नेपच्यूनपर्यंत चालत जायचं ठरलं. बुधापाशी सगळी इमारत होती. मंगळाच्या बाकावर बँकेतल्या वहिनी बसल्या आणि पुढे जा म्हणाल्या. गुरूपाशी चेअरमनना फोन आला. शनीपर्यंत दातांचे डॉक्टर टिकले, आणि त्याची कडी उपड्या बशीतून कापलेली आहेत हे पाहून तेही परतले. पुढे काका आणि काकूच उरली.

काकांना धाप लागली होती. इतके दिवस ते ही वाट नकाशावरच चालले होते. काकू मात्र सरळ चालत होत्या. "इथली फरशी हलते, जपून," असं त्या एकदा म्हणाल्या, आणि पुढे एका वळणावर, "इकडून सावली आहे." काकांनी ऐकलं, पण ते मनात शेवटचं वाक्य घोळवत होते. काकूंना नेपच्यूनपर्यंत आणल्यावर त्या फिजिओथेरपीच्या मुलीला ते काय म्हणणार, ते त्यांचं कधीच ठरलं होतं.

मुलगी आमंत्रणाप्रमाणे फाटकाशी उभी होती. काकांनी घाम पुसला, सदरा नीट केला आणि काकूंना हाताला धरून पुढे केलं. "बघा," ते म्हणाले, "तुमच्या पेशंटला नेपच्यूनपर्यंत आणून दाखवलं की नाही. आता द्या सुट्टी."

मुलगी गोंधळली. तिनं काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे. "सुट्टी तर मी केव्हाच दिली, काका. काकू मागे एकदा आल्या होत्या ना चालत. एकट्याच. मी इतकी खूश झाले, म्हटलं आत या, बसा, चहा घ्या. पण त्या आल्याच नाहीत आत. किती तरी वेळ इथेच फाटकाशी उभ्या होत्या, रस्त्याकडे बघत. मी म्हटलं, काकू, पाय दुखतील. तर म्हणाल्या, नको, मागून येतायत."

काकू नेपच्यूनची पाटी वाचत होत्या. ती त्यांनीच पुसून दिली होती आणि त्यांना पाठ होती, तरी वाचत होत्या. मुलीला आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो असं वाटलं, आणि ती कुणी हाक मारली नसताना आत निघून गेली.

"अगं, सांगितलं का नाहीस मला?" काकांनी विचारलं.

"सांगणार होते," काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर काकांना बरं वाटलं असतं. "पण तुम्ही सहीचं सांगत होता."

काकांना ते पाण्याचं घमेलं आठवलं. नवे बूट आठवले. हॉस्पिटलच्या खेपा कधीपासून थांबल्या होत्या, हेही आपल्या लक्षात आलं नव्हतं, हे आता आलं. ज्या चालण्यासाठी सूर्य पायावर पाडून घेतला, ते चालणं त्यांच्याशिवाय होऊन गेलं होतं, आणि ते पुन्हा पहिल्यांदा कधीच होणार नव्हतं. गुरू फुलवाल्याच्या खांबाला लावला असता तर काय बिघडलं असतं? खरंच, कोण मोजायला येत होतं? काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी रस्त्याच्या कडेला जाऊन हात वर केला.

"काय करताय?"

"टॅक्सी. ठरलं होतं ना आपलं. परत टॅक्सीनं."

"कशाला ती," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी मी परतसुद्धा चालतच गेले. म्हटलं, वाटेत तुम्ही भेटाल. टॅक्सीत बसले असते तर चुकामूक झाली असती."

काकांनी वर केलेला हात खाली घेतला. मग दोघं चालत निघाली. युरेनस मागे पडला, शनी मागे पडला, चौकातल्या छत्रीखाली गुरू आपल्या अचूक जागी लटकत होता, पण काकांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. गुरूच्या पुढे ती मोठी मोकळी जागा लागली. बसायला काही नव्हतं, धरायला काही नव्हतं. काकांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. ही जागा एवढी लांब असेल असं नकाशावर कधीच वाटलं नव्हतं. त्यांनी काकूंचा दंड धरला, आणि कोण कुणाला धरून चाललंय हे रस्त्यावरच्या कुणालाही सांगता आलं असतं.

मंगळाचा बाक आला तेव्हा काका त्यावर अक्षरशः कोसळले. सूर्य समोर दिसत होता. त्याच्याखालची चेअरमनच्या प्रेरणेची पाटी एका बाजूनं सुटून लोंबत होती. काकू बसल्या नाहीत. त्या बाकाच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तू हो पुढे," काका धापा टाकत म्हणाले. "मी येतो मागून."

"नको," काकू म्हणाल्या. "तुम्ही बसा निवांत. मी थांबते."